नवतप्यात हिंगण्याला पोचलेला उजेड

माझ्या ओळखीतली माणसं मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी नागपूरला गेले, आणि तेही नवतपा चालू असताना. नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा विदर्भात ऊन कळसाला पोचतं. पुण्यातल्या आमच्या शेजारीणबाईंनी कुणाचं लग्न आहे का म्हणून विचारलं. लग्न नाही, प्रयोग आहे, म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला. परत आले तेव्हा मात्र त्या स्वतःहून ऐकायला आल्या. त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रयोग सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका प्रयोगशाळेत काचेची आणि प्रकाशाची कामं करते. उजेडाच्या एकेका सुट्या कणावर निरोप लिहून पाठवता येतो, आणि तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा कणाच्या कंपनाच्या दिशेची: उभी किंवा आडवी. दुसरी वेळेची: कण आधी आला की क्षणाचा बारीक तुकडा उलटून नंतर आला. यात मौज अशी की कण 'उभा' आणि 'आडवा' दोन्ही एकदम धरून असू शकतो, आणि खरा ऐवज त्या 'दोन्ही'तच असतो. वाटेत कुणी डोकावलं की ते 'दोन्ही' मोडतं, एकच काहीतरी हाती उरतं. म्हणून निरोप एका तऱ्हेतून दुसरीत न्यायचा तर वाचून पुन्हा लिहून चालत नाही. न वाचताच न्यावा लागतो.

न्यायचा कशाला? तर टेबलावर काम करायला दिशा सोयीची, पण खांबांवरून गेलेल्या काचेच्या तारेला वारा लागला, ऊन लागलं, की दिशा पिरगळून जाते. वेळेचं तसं होत नाही. आधीचा आणि नंतरचा, दोघे त्याच तारेतून एकामागोमाग जातात. एकाचं जे होतं तेच दुसऱ्याचं होतं. म्हणून आम्ही दोन पेट्या केल्या. पहिलीत उभा कण जवळच्या वाटेने जातो, आडवा लांबच्या. बाहेर पडताना दिशा पुसलेली असते आणि वेळ लिहिलेली. दुसरीत सगळं उलट. पेट्या शिलाई मशीनच्या पेटीएवढ्या. आतले लोलक मी माझ्या हातांनी चिकटवलेले.

पण मूळ आराखडा प्रज्ञाचा. ती नागपूरची, आमच्या प्रयोगशाळेत येऊन तिला काही वर्षं झाली होती. पेट्यांची परीक्षा पुण्यातच, तळघरातल्या थंड खोलीत घ्यावी असं आमच्या प्रमुखांचं मत होतं. प्रज्ञाने ऐकलं नाही. तळघरात काहीही चालतं, तिचं म्हणणं. माझ्या गावच्या उन्हात चाललं तर खरं. तिने खटपट करून नागपुरातल्या एका कॉलेजापासून हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाणारी, वापरात नसलेली एक तार मिळवली. ती जूनपर्यंतच आमची होती. पुढे कंपनीला हवी होती. पहिली पेटी घेऊन प्रज्ञा आधीच गेली. दुसरी मांडीवर घेऊन मी निघाले.

स्टेशनवर

सकाळी गाडीतून उतरले तेव्हाच फलाटावरचं लोखंडी बाकडं कढत होतं. बाहेर पडताना एका पोलिसाने अडवलं आणि पेटीत काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, काच. काच मांडीवर घेऊन कोण फिरतं, असं म्हणून तो झाकणाला हात लावणार, तेवढ्यात प्रज्ञा आली. चेहऱ्याला दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसत होते. मी आवाजावरून ओळखलं.

"दादा, प्रयोगाचं सामान आहे. इथं उघडलं तं धूळ जाईन, अन् दोघींची मेहनत मातीत जाईन."

पोलिसाने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग उन्हातून काहून नेऊन राहिल्या?" तो म्हणाला, आणि आम्हाला पार्सल ऑफिसच्या सावलीतल्या वाटेने बाहेर पोचवून आला. पुण्यात पोलिसाने माझ्यासाठी सावली शोधल्याचं मला आठवत नाही.

बाहेर प्रज्ञाचे बाबा गाडी घेऊन उभे होते. कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे. मागच्या काचांना त्यांनी जुन्या चादरी बांधल्या होत्या. माझ्यासाठी असतील असं वाटून मी आभार मानले. ते जरा संकोचले. चादरी पेटीसाठी होत्या.

हुडकेश्वर

प्रज्ञाचं घर शहराच्या दक्षिणेला, हुडकेश्वरमध्ये. एक गल्ली पूर्ण बांधलेली, पुढची अर्धी, त्यापलीकडे अजून मोकळे प्लॉट. घरात शिरताच वाळ्याचा ओला वास आला. खिडकीत कूलर घरघरत होता. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पंखा एक आकडा वाढवणं. इथे कूलरमध्ये पाणी भरणं हे दिवसाचं पहिलं काम, आणि त्याच्या पाळ्या लागलेल्या.

बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. त्याखालीच पेटी ठेवायला टेबल रिकामं केलं होतं. प्रज्ञाचे आजोबा छप्पन साली वर्ध्याकडच्या खेड्यातून दीक्षा घ्यायला पायी नागपूरला आले, ते इथेच राहिले. बाबा त्यांच्या घरातले पहिले मॅट्रिक. हे मला बाबांनी जेवताना सांगितलं, पण गौरवाने नाही. गावचा पत्ता सांगावा तसं. मग प्रज्ञाकडे बोट करून म्हणाले, "अन् हे आता उजेडाले वाट दाखवून राहिली."

जेवणात पाटवड्यांचा रस्सा होता. वर तरंगणारा लाल तवंग पाहून मी सावध व्हायला हवं होतं. मी कोल्हापूरची, तिखटाचं मला काय सांगता, असं बोलून बसले होते. दुसऱ्या घासाला कानांतून वाफा निघाल्या. कोल्हापूरचं तिखट समोरून येतं, नागपूरचं मागून येतं, हे मला तेव्हा कळलं. प्रज्ञाच्या आईने दह्याची वाटी पुढे सरकवली आणि हसू पदरात लपवलं.

हिंगणा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा पेटी घेऊन हिंगण्याला गेलो. पाळी बदलण्याची वेळ होती. मोटारसायकलींची रांग, त्यात कंपन्यांच्या बसगाड्या. प्रत्येक डोक्याला रुमाल, प्रत्येक हँडलला पाण्याची बाटली. तारेचं टोक होतं रमेशभाऊंच्या वर्कशॉपमध्ये. ते यंत्रांचे सुटे भाग बनवतात, बाबांचे जुने स्नेही. ऑफिसची एसी असलेली खोली त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः बाहेर पंख्याखाली बसले. प्रज्ञा शहरात कॉलेजातल्या तिच्या पेटीपाशी, मी हिंगण्यात माझ्या पेटीपाशी, मध्ये तार आणि फोन.

आधी पेट्यांशिवाय, नुसत्या दिशेवर लिहिलेले कण पाठवले. सकाळी बरे आले. दहा वाजता ऊन चढलं, लू म्हणजे भाजणारा वारा सुटला, आणि उभे म्हणून पाठवलेले आडवे होऊन येऊ लागले. हे अपेक्षितच होतं. मग पेट्या जोडल्या. वाटेत बरेच कण हरवले, ते हरवायचेच; पण जे आले ते नेमके आले. 'आधी'चा 'आधी', 'नंतर'चा 'नंतर'. वाऱ्याने बाहेरचे कडुनिंब वाकत होते आणि पडद्यावर एकही चूक दिसत नव्हती. मी फोनवर प्रज्ञाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता 'दोन्ही' पाठवते, ताई."

हीच खरी परीक्षा. 'दोन्ही'वाला कण जिवंत पोचला असेल, तर तिकडून प्रज्ञा एक बटण हळूहळू फिरवत असताना इकडे मोजलेले कण वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. पडद्यावर लाट उमटते. मेला असेल तर सरळ रेघ.

सरळ रेघ आली. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. दोन्ही पेट्यांतल्या लांब वाटा एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात, केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट बारकाईने. काच तापली की वाट लांबते. कॉलेजातली खोली गार होती. इथे रमेशभाऊंचं पत्रे दाबायचं मोठं प्रेस सुरू झालं की व्होल्टेज पडायचं, एसी बंद व्हायचा आणि खोली भाजायची. पुन्हा सुरू झाला की गार. काच दिवसभर श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. रमेशभाऊ म्हणाले, दोन दिवस प्रेस बंद ठेवतो. ते प्रज्ञाला मान्य नव्हतं. लोकांचं काम थांबवून चाललं तर मग पुण्याचं तळघर काय वाईट होतं?

भर दुपारी ती स्कूटरवर हिंगण्याला आली. दुपट्टा सोडून फरशीवर बसली, पन्ह्याचे दोन ग्लास सलग प्यायली आणि बराच वेळ पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ताई, आपण गार ठेवायला बघतोय आणि हवा आपल्याला हरवतेय. आपण पेट्या हवेपेक्षा जास्त तापवू. पंचावन्नला नेऊ आणि तिथेच धरून ठेवू. मग खोली कितीही वरखाली होवो, पेटीच्या खालीच राहील."

विचार बिनतोड होता. उष्णता काढून घेणं अवघड, थोडीथोडी देत राहणं सोपं. लोलक चिकटवलेला डिंक मी साठाला पक्का केला होता, हे खरं. पण सगळी मांडणी करून, तोलून, बंद केलेली पेटी इतकी तापवून कुणी पाहिली नव्हती. एक लोलक केसभर सरकला की पेटी संपली. दुसरी करेपर्यंत तार हातची गेली असती.

माझा चेहरा पाहून प्रज्ञा म्हणाली, "पेटी तुमची आहे. नको म्हणालात तर नको. मी मनात धरणार नाही."

मी बाहेर आले. कामगार प्रेसच्या मागे सावलीत डबे खात बसले होते. नकळत लोखंडी फाटकाला हात टेकला आणि तळवा चटकन भाजला. त्या हाताकडे पाहतच उभी राहिले. प्रत्येक लोलक बसवताना मी श्वास रोखला होता, प्रत्येक कडा पुन्हा पुन्हा तपासली होती. ज्या हातांनी ते केलं त्यांच्यावर माझाच विश्वास नसेल, तर तो आणखी कुणी का ठेवावा? आत येऊन म्हटलं, तापवू.

मग आम्ही सीताबर्डीच्या बाजारात गेलो. तापणाऱ्या पट्ट्या, तापमान धरून ठेवणारी दोन छोटी यंत्रं आणि थर्मोकोलचे जाड तुकडे घेतले. माझा फोन मी गाडीच्या पुढच्या काचेपाशी ठेवला होता. तो उन्हाने तापून बंद पडला आणि कुल्फीवाल्याच्या गाडीवर पाच मिनिटं ठेवल्यावर शुद्धीवर आला. कुल्फीवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण कुल्फी खायला लावली.

पुन्हा हिंगणा

दुसऱ्या दिवशी पेट्या तापवायला घेतल्या. एकदम नाही, एक अंश, थांबायचं, आतून जाणारा उजेड तपासायचा, मग पुढचा. तिकडे प्रज्ञाही तेच करत होती. मी पेटीशेजारी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसले होते. पन्नासला उजेड थोडा मंदावला तेव्हा मी तापवणं थांबवलं, आणि तो पुन्हा सावरला. प्रज्ञाच्या आईने डबा दिला होता. तो तसाच पाहून रमेशभाऊ म्हणाले, "मॅडम, जेवून घ्या. तुम्ही उपाशी राहिल्यानं काच थंडी नाही होत."

पंचावन्न अंश. लोलक जागच्या जागी. माझ्या हातांची परीक्षा पार पडली होती, पण तिचा आनंद करायला वेळ नव्हता.

प्रज्ञाने मुद्दाम सगळ्यांत वाईट वेळ निवडली. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लूने पत्रे वाजत होते. मी रमेशभाऊंना प्रेस चालू करायला सांगितलं; जमीन हादरू लागली, एसी नेहमीप्रमाणे गप्प झाला. फोनवर प्रज्ञा म्हणाली, "सुरू करते."

पडद्यावर ठिपके पडू लागले. पहिले काही एका ओळीत पडले आणि मला वाटलं, पुन्हा तेच. मग पुढचा ठिपका जरा वर पडला. त्याच्या पुढचा आणखी वर. ठिपके चढत गेले, माथ्यावर पोचले आणि तितक्याच संथपणे उतरू लागले. तळाला गेले. पुन्हा चढू लागले.

मी ठिपके मोजत राहिले.

"ताई, काय दिसून राहिलं?" फोनमधून प्रज्ञा विचारत होती. इतक्या वर्षांत माझ्याशी ती पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलली. "बोला ना, काय दिसून राहिलं?"

"लाट," मी म्हटलं. "लाट दिसतेय, प्रज्ञा. स्वच्छ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग तिचा आवाज, "पुन्हा घेऊ. पुन्हा येते का पाहू."

पुन्हा आली. त्या दुपारी आली, संध्याकाळी वारा पडल्यावर आली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना ट्रक जात होते तेव्हाही आली. न वाचलेला निरोप दिशेतून वेळेत गेला होता, नागपूरच्या उन्हातून हिंगण्याला आला होता आणि वेळेतून पुन्हा दिशेत उतरला होता, आणि 'दोन्ही' अजून दोन्हीच होतं. रमेशभाऊंनी लाटेचं चित्र छापून मागितलं आणि ऑफिसात दाराच्या वर, बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं लावलं.

पुण्याहून प्रमुखांचा फोन आला. ते मनापासून खूश होते. नंतर म्हणाले, आता पेट्या घेऊन या, इथे सगळं नीट परिस्थितीत एकदा करून टाकू, म्हणजे बोलायला जागा नको. मी त्यांच्याशी पंधरा वर्षं काम करते आहे आणि शक्यतो वाद घालत नाही.

"सर, नीटच झालं आहे," मी म्हटलं. "पेट्या इथेच राहू द्या. तार आहे तोवर प्रज्ञाला आणखी मोजमापं घ्यायची आहेत."

ते म्हणाले, बरं, राहू दे. शेजारी उभी असलेली प्रज्ञा ऐकत होती. तिने पेटीवरचा थर्मोकोल उगाच दाबून सारखा केला.

कोराडी

निघायच्या दिवशी बाबा म्हणाले, चला, तुम्हाला कोराडी दाखवतो. शहरातून उत्तरेला, कोळशाच्या ट्रकांच्या मागून. दूरवरूनच धुराडी दिसतात. कडेच्या झाडांची पानं राखेने मळकी झालेली. बाबा गाडी चालवत दाखवत होते: हे क्वार्टर्स, इथे प्रज्ञाची शाळा, इथे सायकल शिकताना ती नालीत पडली होती. वसाहतीच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. निवृत्त माणसं सकाळी तिथे जमतात. सगळ्यांत म्हातारे वानखेडेकाका, बाबांना कंट्रोल रूममधलं काम त्यांनी शिकवलेलं. बाबांना पाहून त्यांनी "जय भीम" म्हटलं, आणि प्रज्ञाला न्याहाळून विचारलं, "काय केलं गा पोरीनं? तुही बायको फोनवर काहीतरी सांगून राहिली होती, पण मले समजलं नाही."

बाबांनी प्रज्ञाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा."

बाबा वीज केंद्रात आकडे वाचून दाखवत असतील तसे, एकेक शब्द ठेवत बोलले. "उजेडाच्या कणावर निरोप होता. तो एका रूपातून दुसऱ्यात नेला, मंग परत पहिल्यात आणला. मधात कोणी वाचला नाही. वाचला असता तं मेला असता. एवढ्या उन्हात, एवढ्या हवेत, जसाच्या तसा पोचवला हिनं. हिनं अन् या मॅडमनं."

वानखेडेकाकांनी बशी खाली ठेवली.

"कोणत्या देशात झालं हे?"

"हिंगण्यात."

"आपल्या हिंगण्यात?"

"आपल्याच."

वानखेडेकाका गुडघ्यावर हात टेकून उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी बाकावरची राख झटकली, जागा पुसून काढली आणि प्रज्ञाला म्हणाले, "बस वं माय."